गंजीफ्रॉकचे भाग्य

भाग्य काही माणसाचेच उघडते असे नाही, कपड्यांचेही उघडते. धोतर, पगडी, उपरणे ही एकेकाळची मानकरी मंडळी आता लग्नकार्यापुरती पेटीबाहेर येतात आणि पुन्हा डांबराच्या गोळ्यांच्या वासात जाऊन निजतात. उलट ज्याला चारचौघांत तोंड दाखवण्याची बंदी होती, तो गंजीफ्रॉक टी-शर्ट असे नवे नाव घेऊन कचेरीत, कॉलेजात, विमानात, फार काय देवळातही उजळ माथ्याने वावरतो आहे.

आमच्या घरी त्याचे स्थान काय होते, ते मला चांगले आठवते. वडील घरात गंजीफ्रॉकवर असत. पण दाराची कडी वाजली, की त्यांचा हात आधी खुंटीकडे जाई आणि मग कडीकडे. पोस्टमनपुढेसुद्धा ते सदरा चढवल्याखेरीज उभे राहिले नाहीत. गंजीफ्रॉक वाळत पडे तोही दोरीच्या मागच्या बाजूला, आईच्या साडीच्या आडोशाने. त्याला भोके पडली तरी कुणाची हरकत नसे, कारण ती पाहणार कोण? आणि भोकांपेक्षा कापड कमी उरले, म्हणजे सायकल पुसण्याच्या कामी त्याची नेमणूक होई. गरिबी झाकण्याची ती घराघरातली रीत होती. वर कडक इस्त्रीचा सदरा, आत काय असेल ते असो!

गंजीफ्रॉक हा शब्द ऐकायला कसा अस्सल गावरान वाटतो! पण तो आला आहे समुद्रापलीकडून. इंग्लंड आणि फ्रान्स यांच्यामधल्या इंग्लिश खाडीत गर्न्सी नावाचे एक चिमुकले बेट आहे. तिथले कोळी वाऱ्यापावसात अंगाला घट्ट बसणारे लोकरीचे विणलेले अंगरखे घालीत. तो गर्न्सी फ्रॉक. आपल्या किनाऱ्याला लागेपर्यंत गर्न्सीची गंजी झाली आणि लोकरीचे सूत झाले. शेजारच्याच जर्सी बेटाने आपल्याला आणखी एक शब्द दिला. तो आज खेळाडूंच्या अंगावर आणि शेतकऱ्यांच्या गोठ्यात अशा दोन्ही ठिकाणी सुखाने नांदतो.

बनियनचा प्रवास याच्या नेमका उलटा. आपल्याकडच्या वाणी लोकांना पोर्तुगीज आणि इंग्रज 'बनियन' म्हणत. पुढे अठराव्या शतकात युरोपातले धनिक आणि विद्वान घरी बसताना जो सैल, पायघोळ झगा घालू लागले, त्यालाही हेच नाव मिळाले. तो झगा अंगावर घेऊन त्यांनी मोठ्या ऐटीत स्वतःची तैलचित्रे काढून घेतली. तोच शब्द आपल्याकडे राहिला तो मात्र सदऱ्याच्या आत दडून. शब्द एकच, तिकडे तो भिंतीवर सोनेरी चौकटीत, इकडे दोरीवर साडीच्या आडोशाला!

आतल्याला बाहेर काढण्याचे काम केले ते अमेरिकेने. तेही कुणी ठरवून केले, असे नाही. १९०४ साली तिथल्या कूपर नावाच्या अंतर्वस्त्रांच्या कंपनीने अविवाहित पुरुषांसाठी एक जाहिरात दिली. बिनगुंड्यांचा, डोक्यातून घालायचा हा कपडा घ्या, म्हणजे गुंडी तुटण्याची चिंता नको आणि सुईदोऱ्याचे नाव नको, असा तिचा मथितार्थ. ज्याला गुंडी लावून देणारे कुणी नाही, त्या एकट्या जिवासाठी ही सोय! विसाव्या शतकाच्या आरंभीच्या त्याच वर्षांत अमेरिकन आरमाराने असा सदरा आपल्या खलाशांना गणवेशाच्या आत घालायला दिला. जमिनीवर पसरला तर इंग्रजी टी अक्षरासारखा दिसतो, म्हणून टी-शर्ट. स्कॉट फिट्झजेराल्डच्या 'दिस साइड ऑफ पॅरडाइज' या १९२० सालच्या कादंबरीत शाळेला निघालेल्या मुलाच्या सामानाच्या यादीत हा शब्द येतो.

दुसऱ्या महायुद्धात उष्ण मुलखात लढणाऱ्या शिपायांनी वरचा गणवेश उतरवला आणि आतल्यावरच ते कामाला लागले. १३ जुलै १९४२ च्या 'लाइफ' साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर असा एक जवान झळकला. घरी परतलेल्या शिपायाला कोण म्हणणार, की आत जाऊन सदरा घालून ये?

मग आला मार्लन ब्रँडो. 'अ स्ट्रीटकार नेम्ड डिझायर' हे नाटक १९४७ साली रंगभूमीवर आले आणि त्याचा चित्रपट १९५१ साली. त्यातल्या नायकाचे कपडे ठरवताना ल्युसिंडा बॅलर्ड या वेशभूषाकर्तीच्या डोळ्यांपुढे न्यूयॉर्कच्या रस्त्यात खड्डे खणणारे मजूर होते. घामाने अंगाला चिकटलेला त्यांचा टी-शर्ट तिने आटवून, टाके घालून ब्रँडोच्या अंगावर बेतला. चित्रपट पाहून श्रीमंतांच्या मुलांनी तसे सदरे विकत घेतले. खड्डे खणणाऱ्यांना त्याचे काय मिळाले, हे विचारण्याची पद्धत नाही.

इथवर हा कपडा मुकाच होता म्हणायला हरकत नाही. त्याला वाचा फुटल्याचा एक जुना पुरावा १९४८ सालचा आहे. राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार थॉमस ड्यूई यांच्या नावावर कोटी करणारी घोषणा छापलेला एक लहान मुलाचा टी-शर्ट वॉशिंग्टनच्या स्मिथ्सोनियन संग्रहालयात जपून ठेवला आहे. ड्यूई पडले, सदरा राहिला. १९७७ साली मिल्टन ग्लेझर या चित्रकाराने न्यूयॉर्कवरील प्रेमासाठी एक लाल बदाम आणि तीन अक्षरे रेखाटली, एक पैसाही मोबदला न घेता. आज ती साऱ्या जगाच्या छातीवर आहेत. १९८४ साली कॅथरीन हॅम्नेट ही फॅशनकार मार्गारेट थॅचरबाईंच्या निवासस्थानी मेजवानीला गेली. कोटाची बटणे सोडली, तर आत पर्शिंग क्षेपणास्त्रांच्या विरोधातले ठळक वाक्य! पंतप्रधानांना ते वाचावेच लागले. सदऱ्याने इतके मोठे भाषण क्वचितच केले असेल.

पण वाचा फुटणे निराळे आणि आपले बोलणे निराळे. आमच्याकडे दहीहंडीच्या दिवशी गोविंदा पथके नवे टी-शर्ट घालून निघतात. छातीवर पुढाऱ्याचा हसरा चेहरा, पाठीवर देणगीदाराचे नाव. थरावर थर रचला जातो. पडतो तो गोविंदा, नाव पुढाऱ्याचे. शनिवारी माझ्या वर्गातली मुले गणवेशाऐवजी हवे ते घालून येतात आणि हजेरी घेताना मी त्यांच्या छात्या वाचतो. कुणी अमेरिकेतल्या विद्यापीठाचा पदवीधर असतो, कुणी समुद्रात लाटांवर स्वार झालेला. एकाला विचारले, "काय रे लिहिले आहे?" तो म्हणाला, "ठाऊक नाही गुरुजी. पण बरा दिसतो." खरोखरच बरा दिसत होता.

मागल्या वर्षी माझी एक जुनी विद्यार्थिनी बाजारात भेटली. ती तयार कपड्यांच्या कारखान्यात मशीनवर असते. छापलेल्या पुढच्या तुकड्याला बाही जोडायची, एवढेच तिचे काम. गळा दुसरीचा, शिलाईची कड तिसरीची. एक टी-शर्ट म्हणून सबंध असा तिने कधी शिवलेला नाही. परदेशातली मागणी घाईची होती, म्हणून तीन रविवार सुट्टी मिळाली नव्हती. मी विचारले, "काय छापलेले असते गं त्यांच्यावर?" ती हसली. "हॉलिडे, गुरुजी. रविवारीसुद्धा आम्ही हॉलिडेच शिवीत होतो."

ते हसणे माझ्या मनातून जात नाही. २४ एप्रिल २०१३ रोजी ढाक्याजवळच्या सावर येथे राणा प्लाझा ही इमारत कोसळली. आदल्या दिवशी भिंतींना तडे गेलेले सर्वांनी पाहिले होते. तरी सकाळी शिवणाऱ्यांना आत धाडण्यात आले. अकराशेंहून अधिक माणसे गेली, त्यात बायका फार. आपल्या तमिळनाडूत तिरुप्पूरला होजिअरीचे मोठे माहेरघर आहे. तिथली नोय्यल नदी रंगाच्या पाण्याने इतकी नासली, की २०११ साली मद्रास उच्च न्यायालयाने रंगाईचे कारखाने बंद करण्याचा हुकूम दिला. एका टी-शर्टला लागणाऱ्या कापसापासून हिशेब धरला, तर सुमारे २७०० लिटर पाणी खर्ची पडते असे सांगतात. शंभर दीडशे रुपयांत तो कपडा आपल्याला मिळतो, तेव्हा उरलेली किंमत कुणीतरी आधीच चुकती केलेली असते.

गंजीफ्रॉक बाहेर आला याचे मला दुःख नाही. दाराची कडी वाजल्यावर माझ्या वडिलांची जी धांदल उडे, ती माझ्या मुलाच्या वाट्याला येत नाही. तो आहे तसा जाऊन दार उघडतो, आणि मला ते आवडते. पण सगळेच काही बाहेर आलेले नाही. परवा त्याचा नवा टी-शर्ट उलटा करून पाहिला. मानेशी आतल्या बाजूला बोटभर लांबीचे एक लेबल होते आणि त्यावर मुंगीएवढ्या अक्षरांत देशाचे नाव. कुठे शिवला, एवढेच. कुणी शिवला ते नाही. मी ते वाचतो आहे तोच मुलगा कात्री घेऊन आला. म्हणाला, "बाबा, ते काढून टाका. मानेला टोचते."