तिखटाचा हंगाम आणि मुलांची सुट्टी



आमच्या कोल्हापूर-सांगली भागात वर्षाचं तिखट कधी करतात, हे तुम्हाला सांगायला नको. मार्च ते मे. नवी मिरची बाजारात आलेली असते, ऊन असं असतं की दोन दिवसांत मिरची हातात खळखळ वाजते. वळवाचा पाऊस सुरू झाला की वाळवणाचे हाल. आणि मुलांना सुट्टी कधी लागते? अगदी याच दिवसांत. माझा घरगुती व्यवसाय बिना कांदा-लसणाच्या तिखटाचा, म्हणजे वर्षाच्या कमाईतला निम्म्याहून अधिक वाटा या अडीच महिन्यांत. त्यामुळे दरवर्षी तेच. मुलं घरी आणि मी मिरचीच्या ढिगात.

माझी थोरली आठवीतून नववीत गेली, धाकटा चौथीत. गेल्या वर्षी थोरली मला म्हणाली होती, "मम्मी, आम्हाला सुट्टी नसते, तुला हंगाम असतो." रागाने नाही, सहज बोलली. पण ते मनात राहिलं.

आपल्या धंद्याला एक गोष्ट जास्तीची असते, ती बाहेरच्यांना पटकन कळत नाही. ब्याडगी रंगाला, संकेश्वरी तिखटपणाला, एवढं ठरलं की बाकीचे लोक पोतं उचलून थेट कांडपाला नेतात. आपल्याला मात्र देठ खुडताना एकेक मिरची बघावी लागते. आत कीड, जाळी असेल तर ती बाजूला. धणे, खोबरं, तीळ, दगडफूल, सगळं निवडून, उन्हात पसरून, मग भाजायचं. डोळ्यांदेखत जीव कांडला जाऊ नये म्हणून हा खटाटोप. गृहस्थाला उद्योगी हिंसा पूर्ण टळत नाही हे खरं, पण जेवढी टळते तेवढी तरी टाळायलाच हवी ना? यात वेळ जातो आणि वेळेचे पैसे गिऱ्हाईक देत नाही.

दुसरं असं की दिवस मावळल्यावर आमच्याकडे चूल पेटत नाही आणि भाजणंही होत नाही. माझ्या ओळखीच्या एक ताई रात्री अकरापर्यंत मसाला भाजतात, मुलं झोपली की त्यांचा दिवस सुरू होतो. मला ते शक्यच नाही. सुरुवातीला मी याला अडचण समजत असे. आता मला वाटतं, या नियमानेच माझ्या मुलांचं बरंच राखलं. मे महिन्यात सूर्य सातच्या सुमारास मावळतो. साडेसहाला ताटं मांडायची म्हणजे पाचला काम आवरायलाच हवं, ऑर्डर कितीही असो. सातनंतर मंदिरात आरती, मग गच्चीवर चटया. साडेनऊपर्यंत मी त्यांची. हातांची मिरचीने आग होत असते, खोबरेल चोळून बसते, पण फोन खाली ठेवलेला असतो.

पहाटे साडेचारला उठते. ऊन चढण्याआधी भाजणं उरकतं, कारण मिरचीचा खकाणा मुलांच्या नाकात गेला की घरभर शिंका. आठनंतर धाकट्याला मी वाळवणावर राखण बसवते. तो मिरच्यांपेक्षा चिमण्या जास्त मोजतो, पण बसतो. एकदा त्याने विचारलं, "बटाटा जमिनीत येतो म्हणून आपण खात नाही, मग हळद?" त्याला सांगितलं की ओली हळद आणि आलं आपण घेत नाही, वाळलेलं हळकुंड आणि सुंठ चालते. लगेच पुढचा प्रश्न, "मग साबुदाण्याचे पापड का नाही करत? तोही वाळलेलाच असतो." साबुदाणा कंदाच्या लगद्यापासून करतात, हळकुंडासारखा नुसता वाळवत नाहीत, चिमूटभर नाही तर वाटीभर खातात, असं बरंच काही सांगितलं. त्याचं समाधान झालं नाही. साबुदाणा आणि बटाट्याच्या पापडांच्या ऑर्डरी मी दर उन्हाळ्यात परत पाठवते, हे मात्र तो बघतो.

थोरलीकडे वही आहे. आमच्या मंदिरातल्या दोन व्रती काकूंना उन्हाळ्यात पाच दिवसांच्या मर्यादेतलंच दळलेलं तिखट लागतं, पावसाळ्यात तीन दिवसांचं. त्यांच्यासाठी मी पावशेर-पावशेर वेगळं करते. त्यात उरत काहीच नाही. त्यांच्या पुड्यांवर तारीख घालणं, कोणाला कधी द्यायचं हे बघणं थोरलीचं काम. भगवान ऋषभदेवांनी असि, मसि, कृषी, विद्या, वाणिज्य, शिल्प ही षट्कर्मं लोकांना शिकवली, आणि स्वतःच्या मुलींना जवळ बसवून ब्राह्मीला लिपी, सुंदरीला अंक शिकवले, हे आपण शिबिरात मुलांना सांगतोच. मला त्या गोष्टीत नेहमी एवढंच दिसतं की राज्याचा व्याप असलेल्या बापानेही मुलींना शिकवायला दुसरा माणूस नेमला नाही. (शिबिराला मुलांना जरूर पाठवा. पण घरात शांतता हवी म्हणून पाठवत असाल तर ती मुलांनाही कळते.)

यंदा अक्षय तृतीयेला मंदिरात उसाचा रस वाटून घरी आलो आणि पुण्याच्या एका दुकानदाराचा फोन आला. साठ किलो तिखट, मेच्या तिसऱ्या आठवड्यात. नेमके तेच आठ-नऊ दिवस मी मुलांना माहेरी न्यायचं कबूल केलं होतं. दोन वर्षं ते राहून गेलं होतं. सासूबाई म्हणाल्या, "गिऱ्हाईक एकदा गेलं की परत दारात येत नाही. मामाचं गाव कुठे पळून जात नाही." त्यांचंही खरं आहे. यांच्या पगारात घर चालतं, पण मुलांच्या फीचे पैसे तिखटातूनच निघतात.

थोरलीने वही काढली. "किलोला तुला किती उरतात?"

"एकशेदहा."

"सहा हजार सहाशे. किती दिवसांचं काम?"

"नऊ."

तिने भागाकार केला. "दिवसाला सातशे तेहतीस रुपये." मग वर न बघता म्हणाली, "मम्मी, आम्ही दोघं त्यापेक्षा महाग आहोत की स्वस्त?"

ती हसत होती, तरी मला पटकन उत्तर सुचलं नाही. सातशे तेहतीस ही काही उडवून लावण्यासारखी रक्कम नाही. सासूबाईही गप्प झाल्या.

मी दुकानदाराला जूनच्या पहिल्या आठवड्यात वीस किलो देते म्हणून सांगितलं. त्याला ते नको होतं. आम्ही माहेरी गेलो. धाकटा विहिरीत पोहायला शिकला, थोरली माझ्या आईबरोबर शेवया करत बसली, मी दोन दिवस नुसती झोपले.

परत आल्यावर कळलं, दुकानदाराने माल दुसरीकडून घेतला. दिवाळीला तो फोन करेल का? सासूबाई म्हणतात, नाही करणार. थोरलीने वहीत त्याचं नाव खोडलेलं नाही, पुढे फक्त प्रश्नचिन्ह काढून ठेवलंय.