सातवा, चौदावा, एकविसावा

गेल्या पावसाळ्यात माझी धाकटी बहीण पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी, येलदरीला आली. मुलगा झाला. वजन दोन किलो शंभर ग्रॅम. तिसऱ्या दिवशी आम्ही दवाखान्यातून घरी आलो आणि काही तासांतच गावच्या आशाताई दारात हजर.

त्यांनी आधी साबणाने हात धुतले. थर्मामीटर बाळाच्या काखेत धरला, झोळीच्या काट्यावर वजन केलं, मग घड्याळ समोर ठेवून पूर्ण एक मिनिट बाळाचे श्वास मोजले. आणि विचारलं, "बाळाचे वडील कुठंत?"

वडील माझ्याबरोबर बाहेर लिंबाखाली बसले होते. जच्चाच्या खोलीत पुरुषांचं काय काम, ही आमच्या घरांतली जुनी समजूत. ताई म्हणाल्या, "बोलवा त्यांना. तुम्हीपण या."

दारात उभं राहून मी ऐकत होतो. बाळ दूध ओढेनासं झालं, हातपाय गार पडले, सुस्त पडून राहिलं, छाती आत ओढली जायला लागली, मिनिटाला साठ किंवा त्याहून जास्त श्वास झाले, तर सकाळची वाट पाहायची नाही. लगेच दवाखाना.

मला पुढचं नीट ऐकू आलं नाही. 2003 साली माझा पहिला मुलगा याच घरात अकरा दिवस जगला. तोही असाच लहानखुरा होता. नवव्या दिवसापासून त्याने दूध सोडलं. रडत नव्हता, म्हणून सगळे म्हणाले, किती गुणी बाळ आहे. पाय गार लागत होते, तर आम्ही म्हटलं, धरणावरचा वारा आहे. जिंतूरला न्यायला जीप मिळाली तोवर उशीर झाला होता. अल्लाची मर्जी, असं म्हणून आम्ही गप्प बसलो. मर्जी त्याचीच, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण आमच्या अडाणीपणाचं ओझं त्याच्यावर टाकायचं का, हा प्रश्न वीस वर्षं सुटलेला नाही.

कारण ते ज्ञान तेव्हा याच महाराष्ट्रात होतं. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातल्याच बायकांना नवजात बाळाची घरी जाऊन काळजी घ्यायला शिकवलं. 39 गावांत हा प्रयोग झाला. तिसऱ्या वर्षी तिथले नवजात बाळांचे मृत्यू, शेजारच्या तुलनेच्या गावांच्या हिशेबाने, 62 टक्क्यांनी कमी झाले. हे 1999 साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं. आशा ही योजना आली 2005 मध्ये, आणि घरी जाऊन नवजात बाळ तपासायचं काम देशभरातल्या आशांकडे आलं 2011 मध्ये. माझा मुलगा या दोन्हींच्या आधी आला आणि गेला.

अम्मीला मात्र ताईंचं बोलणं रुचलं नव्हतं. तिने घुट्टीची तयारी केली होती, मधाची बाटली काढून ठेवली होती. ताई म्हणाल्या, सहा महिने फक्त आईचं दूध, पाणीसुद्धा नको. मध तर वर्षाच्या आत अजिबात नको. अम्मी फणकारली, "पाच बच्चे पाले मैने. मेरेकू नको सिखा."

ताईंनी वाद घातला नाही. म्हणाल्या, "दादी, तुमच्या हाताला जे कळतं ते थर्मामीटरलापण कळत नाही. दिवसातून चार वेळा बाळाचे तळपाय आणि पोट हात लावून बघायचं. पाय पोटापेक्षा गार लागले तर याच्या बापाच्या छातीवर द्यायचं." मेहुण्याला सदरा काढायला लावून, बाळ उघड्या छातीशी कसं धरायचं आणि वरून पांघरूण कसं घ्यायचं, तेही करून दाखवलं. तो लाजेने लाल झाला होता. मधाची बाटली कपाटात गेली.

त्यानंतर त्या सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी यायच्या होत्या. दिवस ऐकून अम्मी चमकली. अकीका सातव्या दिवशी, नाही जमलं तर चौदाव्या, नाहीतर एकविसाव्या, ही आपली रीत. चाळीस दिवसांचा चिल्ला. सरकारचा कागद आणि आमच्या घरचा हिशेब एकाच वाटेने चालले होते. बाळ नाजूक होतं, म्हणून अकीका एकविसाव्यावर ढकलला आणि 'बाळाला हातात कुणी घेणार नाही' हे अम्मीनेच पाहुण्यांना बजावलं.

या सगळ्या फेऱ्या पूर्ण केल्या की आशाला एका बाळामागे मिळतात 250 रुपये. आपण मिठाईवर याहून जास्त खर्च करतो.

आपल्याकडे बाळाचं दुखणं आलं की पहिलं बोट आईकडे जातं. हिने काय खाल्लं, हिचं दूधच कमी. सूरह अल-बकराची 233वी आयत मी त्या दिवसांत पुन्हा वाचली. दोन वर्षं दूध पाजण्याची गोष्ट आपण सांगतो. पण आईच्या अन्नवस्त्राची जबाबदारी त्याच आयतीने बापावर टाकली आहे. त्याआधी दूध तोडायचं तर दोघांनी सल्लामसलत करून ठरवावं, हेही तिथेच आहे. बापाला लिंबाखाली बसवणारा रिवाज आपला आहे, दीनचा नाही. म्हणून पालकांसाठी कुठलाही मेळावा असो, अंगणवाडीत किंवा मशिदीच्या आवारात, त्यात बाप आणि दादी-नानी पुढच्या ओळीत हव्यात. एकट्या आईला शिकवून भागत नाही. घरात निर्णय तिच्या हातात नसतो.

बेचाळिसाव्या दिवशी काटा तीन किलोच्या पुढे गेला. ताई वही मिटत म्हणाल्या, आता तीन महिन्यांचा झाला की येईन, मग सहाव्या महिन्यात. अम्मी त्यांना दारापर्यंत सोडायला गेली. मी मागे होतो. तिने हळूच विचारलं, "बेटी, छे महिने के बाद खिचडी पतली देना के घट्ट?"

ताई परत आत येऊन बसल्या.