कालव्याच्या टोकाला

नीरा डावा कालवा वीरपासून निघतो आणि पुरंदर व बारामती हे तालुके ओलांडून इंदापुरात येतो; शंभर मैलांच्या आसपासची ही वाट संपत आली असता त्याच्या पात्रात जे पाणी उरते, त्यावर टोकाकडच्या गावांचा संसार चालतो. 1876-77 च्या दुष्काळात उपाशी माणसांच्या हातांना काम मिळावे म्हणून ज्या खोदाईस आरंभ झाला, ती पुढील दशकात पुरी होऊन भाटघरच्या साठ्याच्या आधाराने या अवर्षणग्रस्त मुलखात ऊस उभा राहिला आणि कालांतराने माळेगाव, भवानीनगर येथे सहकारी कारखान्यांची धुराडी दिसू लागली, हा इतिहास सरकारी दप्तरांत नमूद आहे. माझ्या मनातील कालव्याचा इतिहास मात्र माझ्या वडिलांच्या सहज बोलण्यातून घडलेला आहे.

आमची जमीन अखेरच्या चाऱ्यांपैकी एकीवर होती. उन्हाळी आवर्तन सुटल्याची वार्ता आली की अण्णा रात्री दारे धरावयास जात आणि सोबतीस मला नेत. पाणी येण्यास बहुधा विलंबच होई, आणि त्या प्रतीक्षेत बांधावर बसून, खोऱ्याचा दांडा मांडीवर आडवा ठेवून, ते जगातील यच्चयावत विषयांवर बोलत असत. व्हर्नाक्युलर फायनलपर्यंत शिकलेल्या या मनुष्याने मला उपदेश असा कधी केला नाही. पुण्याहून येणारे वर्तमानपत्र, आकाशवाणीच्या बातम्या, बाजारातील गुळाचा भाव, तंबूत पाहिलेला चित्रपट यांविषयी ते जणू स्वतःशीच पुटपुटत असत, आणि अंधारात शेजारी बसलेला मुलगा ते ऐकत असे. पाणी सुटल्याची खबर घेऊन कोणी आला की त्यांचा प्रश्न ठरलेला असे : “सुटलं ते कळलं रे, पोचलं का ते सांग.”

हाच प्रश्न ते सर्व गोष्टींना लावीत, हे मला पुष्कळ उशिरा उमगले. 1962 साली जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्या स्थापन झाल्या तेव्हा गावोगाव सभा झाल्या, सत्ता आता खेड्याच्या उंबऱ्याशी येणार असे सांगण्यात आले, आणि अण्णांनी घरी येऊन आईस इतकेच म्हटले की उंबरा कोणाचा, ते पाहावे लागेल. 1967 मध्ये काटेवाडीचे सव्वीस वर्षांचे शरद पवार बारामतीतून विधानसभेवर निवडून गेले, तेव्हा तरुण मंडळींच्या उत्साहात अण्णाही मनापासून सहभागी झाले होते, परंतु त्या रात्री ते म्हणाले, “पोरगं हुशार आहे, चांगलंच आहे. पण आमदाराची परीक्षा बारामतीच्या पेठेत करू नये, जिथं रस्ता संपतो तिथल्या घरात करावी.” 1972 च्या दुष्काळात रस्त्यांच्या आणि पाझर तलावांच्या कामांवर माणसे खडी फोडू लागली, वि. स. पागे यांनी मांडलेल्या कल्पनेतून पुढे रोजगार हमीचा कायदा झाला. या कायद्याविषयी अण्णांना जो आदर होता तो इतर कोणत्याही सरकारी हुकमाविषयी मी पाहिला नाही, कारण, ते म्हणत, ज्याच्याजवळ सात-बारा नाही, पाळी नाही आणि वशिला नाही, अशा माणसास सरकारदारी हक्काने काम मागता यावे, ही गोष्ट पूर्वी कोणाच्या ध्यानीमनीही नव्हती.

1975 च्या सुमारास आम्ही ‘सामना’ पाहिला. विजय तेंडुलकरांची कथा, जब्बार पटेलांचे दिग्दर्शन, साखर कारखान्याच्या छायेत वाढलेल्या सत्तेचे चित्रण, आणि डॉ. लागू व निळू फुले यांची जुगलबंदी! या दोघांच्या अभिनयाचीच चर्चा परतीच्या वाटेवर आम्ही करीत होतो. अण्णा बराच वेळ गप्प होते. मग त्यांनी विचारले, की हिंदुराव आणि मास्तर यांच्याविषयी तुम्ही इतके बोललात, परंतु ज्या मारुती कांबळेच्या नाहीसे होण्याचा शोध हा सारा चित्रपट घेतो, त्याच्याविषयी कोणी एक अक्षरही का काढले नाही? चित्रपटाची अशी समीक्षा मी नंतर एखाद्या मासिकातही क्वचितच वाचली.

आषाढीच्या वारीत तुकोबांची पालखी बारामतीहून काटेवाडी, सणसर, बेलवाडी, निमगाव केतकी करीत इंदापुरास येते. काटेवाडीस परीट समाज पालखीपुढे धोतरांच्या पायघड्या अंथरतो, मेंढ्यांचे रिंगण होते. बेलवाडीस अश्व धावतो, आणि तो सोहळा डोळ्यांत साठवून लोक परतू लागतात. अण्णा मात्र रथामागच्या शेवटच्या दिंडीमागूनही जे वृद्ध, पायांस फोड आलेले, एकेकटे चालणारे वारकरी येत, ते दृष्टीआड होईपर्यंत रस्त्याच्या कडेला पाण्याची घागर घेऊन उभे राहत. 1980 च्या सुमारास उजनी धरण पूर्ण होऊन भीमाकाठची गावे जलाशयात गेली, आणि पुढे भिगवणला रोहित पक्षी पाहण्यास शहरांतून मंडळी येऊ लागली. अण्णांना ते पक्षी आवडत. मात्र पाहुण्यांना पक्षी दाखवून झाले की पळसदेवचे जुने देऊळ कोठे बुडाले आहे तेही ते दाखवीत, आणि त्या देवळाभोवतीची माणसे उठून कोठे गेली, हे सांगितल्याविना पाहुण्यांना सोडीत नसत.

आता मी स्वतः बाप झालो आहे, आणि जेवताना, बातम्या पाहताना, मालिकेतील सुनेच्या दुःखावर चर्चा चालली असताना माझ्याही तोंडून अशीच वाक्ये निघतात. एकदा मी मुलांना कालव्याच्या टोकाची महती सांगत होतो, तेव्हा माझी मुलगी म्हणाली, “बाबा, आपण टोकाला असलो तरी कालव्यावरच होतो की. ज्यांच्या गावाला कालवाच नाही, त्यांचं काय? आणि ऊस तोडायला बीडहून येतात, बांधावर कोप्या घालून राहतात, त्यांच्या मुलांचं काय?” बारामती तालुक्यातच जिरायत भागातील गावे उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतात, हे तिने स्वतः पाहिले होते. अण्णांच्या प्रश्नाची हद्द तिने आमच्या चारीच्या पलीकडे नेली, आणि त्यांचे बोलणे वाया गेले नाही याचा याहून मोठा पुरावा मला नको होता.

मुलांना नागरिकशास्त्र शाळेत शिकवले जाते, आणि ते शिकवले जावेच. परंतु आपल्या हिशेबात कोणाला धरायचे आणि कोणाला वगळायचे, हे मूल घरातील सैल, अनवधानाने चाललेल्या बोलण्यातून शिकते. निवडणुकीच्या निकालावर बापाने काढलेला उद्गार, चित्रपट पाहून आईने विचारलेला प्रश्न, पाहुण्यांसमोर सांगितलेली गोष्ट यांतून त्याच्या मनात माणसांची यादी तयार होत असते. ती यादी पुढे मतपेटीपर्यंत जाते, ग्रामसभेपर्यंत जाते, कचेरीतील खुर्चीवर बसल्यावर कोणाचा अर्ज आधी हाती घ्यावा या निर्णयापर्यंत जाते. म्हणून आईबापांनी घरात मोकळेपणाने, भरपूर बोलावे, आणि त्या बोलण्यात शेवटच्या माणसाचे नाव वरचेवर यावे.