चांदोबाच्या पुठ्ठ्याआडचे देश

निपाणी, संकेश्वर, चिकोडी, खानापूर, शहापूर, बेळगाव. या पट्ट्यात साठ-सत्तरच्या दशकांत वाढलेल्या आम्हा पोरांना एकच मासिक दोन भाषांत मिळालं. आमच्या घरी मराठी ‘चांदोबा’, शेजारच्या घरी कन्नड ‘चंदामामा’. नागिरेड्डी आणि चक्रपाणी यांनी 1947 साली मद्रासहून तेलुगू-तमिळमध्ये काढलेलं हे मासिक 1952 मध्ये मराठीत आलं. चित्रं तीच, गोष्टी त्याच. दोन्ही अंक सोप्यात शेजारी शेजारी उघडून ठेवायचे आणि वेताळ इकडे काय म्हणतो, तिकडे काय म्हणतो, ते जुळवत बसायचं. आमच्यातल्या कितीतरी जणांना कन्नड अक्षरं मास्तरांच्या आधी विक्रमराजानं शिकवली.

अंक घरात आला की आधी थोरल्यानं वाचायचा, मग धाकट्यांनी, मग दुपारी भांडी आवरून आक्कानं, आणि सगळ्यांत शेवटी, कुणी बघत नसताना, आजोबांनी. शंकर यांनी काढलेला तो खांद्यावर प्रेत घेतलेला राजा आणि एम. टी. व्ही. आचार्यांची महाभारताची मुखपृष्ठं बघायला मात्र रांग नसायची, सगळी डोकी एकदम आत.

फाटलं की शिवायचं, निघालं की चिकटवायचं, टाकायचं काहीच नाही. चुलीवर खळ शिजायची, तिला कीड लागू नये म्हणून चिमूटभर मोरचूद. वर्षाचे बारा अंक एकावर एक रचून दाभणानं भोकं पाडायची. दोरा विड्या बांधायचा, कारण निपाणीत तो घरोघरी असायचाच. पाठीला जुन्या लुगड्याचा काठ. पुठ्ठा कापडदुकानातल्या खोक्याचा. आणि कसर लागू नये म्हणून पानांत वाळलेलं तंबाखूचं पान. बेळगावकडं त्या जागी कडुनिंबाचा पाला किंवा वेखंड. आजही जुना गठ्ठा हुंगला की तो कुठल्या गावचा ते आम्ही सांगू शकतो.

आता नकाशांचं. आमच्या पुस्तकांत नकाशे जवळजवळ नसायचेच. गोष्टीत सात समुद्र असत, चौथ्या दिशेला जाऊ नकोस अशी ताकीद असे, राक्षसाचा जीव कुठल्या तरी बेटावरच्या पोपटात असे. पण ते बेट नक्की कुठं, हे कुणी काढून दाखवत नसे. मग ते आम्ही काढलं. बांधणीच्या वेळी पुठ्ठ्याच्या आत जो कोरा कागद चिकटवायचा, तो पोरांचा, असा अलिखित करार होता. समुद्राला नीळ, वाळवंटाला हळद, डोंगराला गेरू, जंगलाला पानांचा रस. तवंदी घाट नागांच्या राजाचा. यळ्ळूरचा राजहंसगड राक्षसाचा. वेदगंगा पार केली की बोलणाऱ्या झाडांचा मुलूख, आणि भोजजवळ जिथं ती दूधगंगेला मिळते, तिथं खजिना. निपाणीला तर प्रत्येक नकाशात समुद्र होता.

का काढत होतो इतके नकाशे? मला वाटतं, नकाशा हा आमच्या घरांत रोजच्या जेवणातला विषय होता. 1 नोव्हेंबर 1956 ला बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला आणि मोठ्यांच्या बोलण्यात रेषा आली. शाळेत एक नकाशा गिरवायचा, घरी दुसऱ्या नकाशाची चर्चा ऐकायची, 1967 मध्ये सीमाप्रश्नावरच्या महाजन आयोगाचा अहवाल आल्यावर तर दिवसरात्र. आम्हाला त्यातलं फार कळत नव्हतं. पण कागदावरची रेष माणसाला हसवते, रडवते, मोर्चात नेते, एवढं कळत होतं. पुठ्ठ्याआडच्या देशात ती रेष आमच्या हातात होती. शेजारचा कन्नड बोलणारा मित्र आणि आम्ही मिळून राज्यं वाटून घ्यायचो, आणि दिवेलागणीला परत एकत्र करायचो.

या भागानं चित्रकारही मोठा दिला. शि. द. फडणीस 1925 साली भोज गावात जन्मले. त्यांनी बालभारतीच्या गणिताच्या पुस्तकांत काढलेली हसरी चित्रं महाराष्ट्रातल्या पोरांच्या दप्तरात गेली. आमच्या शाळांत पुस्तकं कर्नाटकाची, त्यामुळे आमच्याच मातीतल्या माणसाचं गणित आम्हाला कोल्हापूरच्या मामेभावाकडून सुट्टीत बघायला मिळायचं. 1971 च्या नोव्हेंबरात सुरू झालेलं ‘किशोर’ही असंच, मामाच्या पिशवीतून यायचं.

खूप पुढं वाचनात आलं की स्टीव्हन्सननं ‘ट्रेझर आयलंड’ लिहिलं तेही नकाशापासूनच. 1881 मधली पावसाळी सुट्टी, सावत्र मुलगा रंगवत बसलेला, त्याच्यासोबत बेटाचा नकाशा निघाला आणि मग नकाशातून माणसं उठली. मूळ नकाशा पुढं प्रकाशकाकडे पाठवताना हरवला. 1883 च्या पुस्तकात आहे तो पुन्हा काढलेला. ‘हॉबिट’च्या 1937 च्या पहिल्या आवृत्तीत पुठ्ठ्याच्या आतल्या कागदांवरच नकाशे आहेत, आमच्या होते तिथंच. विनी द पूच्या रानाचा शेपर्डनं काढलेला मूळ नकाशा 2018 मध्ये लंडनच्या लिलावात चार लाख तीस हजार पौंडांना गेला. पोरांच्या नकाशाची किंमत जगाला कळते, हे वाचून फार बरं वाटलं.

आता आमच्या पिढीतले काही जण जुने चांदोबा गोळा करतात. रद्दीवाल्याकडं, वाडे उतरवताना, 1848 पासून चालत आलेल्या बेळगावच्या सार्वजनिक वाचनालयातल्या वाचकांच्या ओळखीतून. शहरातले संग्राहक कोरा, न शिवलेला, मुखपृष्ठासकट अंक शोधतात. त्यांचं खरं आहे, कारण बांधणी करताना पुष्कळांनी मुखपृष्ठं आणि जाहिराती काढून टाकल्या, कडा कातरताना चित्रांचे कोपरेही गेले. पण रेघोट्या आहेत म्हणून ते एखादा गठ्ठा ‘खराब’ ठरवतात, तेव्हा जीव तुटतो. कोरा अंक मद्रासला हजारोंनी छापला जात होता. निळीचा समुद्र असलेला तो एकच.

म्हणून माळा उतरवणार असाल तर एवढं करा. पुठ्ठा ओला करून सोलू नका. चिकटपट्टी लावू नका, ती पिवळी पडून शाई खाते. तंबाखूचं पान राहिलं असेल तर त्याचा चुरा मऊ कुंचल्यानं झाडा. नकाशाचा फोटो काढा आणि काढणाऱ्याचं नाव, गल्ली, साल पेन्सिलीनं मागं लिहून ठेवा. आणि गठ्ठ्याचे दोन पुठ्ठे नीट बघा. वाटण्यांत अर्धे गठ्ठे निपाणीत राहिले, अर्धे पुण्या-मुंबईला गेले. कैक देश समोरच्या पुठ्ठ्यावर सुरू होतात आणि मागच्यावर संपतात. आमच्याकडच्या एका गठ्ठ्यात समुद्र आहे, गलबत आहे, बाण आहे, पण बेट नाही. मागचा पुठ्ठा तुमच्याकडं निघाला तर बेटावर लाल कुंकवानं काढलेला मोठा पोपट असेल. तेवढं कळवा.