ठाऊक असूनही विचारणारा

आजी दर शनिवारी संध्याकाळी देवळात कन्फेशनला जायची. मुंबईतल्या आमच्या मरोळ गावठाणात चर्चला देऊळच म्हणायचे. एकदा कन्फेशनला बसलेले फादर दक्षिणेकडचे होते. त्यांना आजीची मराठी समजेना, आजीला त्यांची इंग्रजी. घरी आल्यावर आईनं विचारलं, ‘मग पापं सांगितलीत कुणाला?’ मे महिना होता, बाटली मसाल्याच्या मिरच्या उन्हात घातलेल्या. देठं खुडता खुडता आजी म्हणाली, ‘फादरला नाय कलला, त्याला कलला. त्याला सगला ठाव हाय.’

ख्रिस्त सर्वज्ञ आहे, हे मी पहिल्यांदा ऐकलं ते असं.

*

मरोळचं देऊळ संत योहानाचं, शुभवर्तमान लिहिणाऱ्या योहानाचं. चारही शुभवर्तमानांत ख्रिस्ताला सगळं ठाऊक होतं हे सर्वांत ठासून सांगतो तो योहानच. अंजिराच्या झाडाखाली बसलेला नथानेल येशूला भेटण्याआधीच ओळखीचा असतो. विहिरीवर आलेल्या शोमरोनी बाईचं आयुष्य तिनं न सांगता त्याला माहीत असतं. आणि शेवटच्या अध्यायात, सरोवराच्या काठी, ‘माझ्यावर प्रेम आहे का?’ असं येशू विचारतो तेव्हा पेत्र कळवळून म्हणतो की प्रभो, तुला तर सगळं माहीत आहे. हा तोच पेत्र, ज्यानं कोंबडा आरवायच्या आत तीनदा ‘मी याला ओळखत नाही’ म्हटलेलं. स्वतःच्या प्रेमाची ग्वाही द्यायला आता त्याच्यापाशी तोंड उरलेलं नाही. म्हणून तो ख्रिस्ताच्या जाणण्याचाच आधार घेतो.

माझ्या मते या श्रद्धेचं मूळ इथं आहे. लहानपणी ‘देव बघतोय हं’ म्हणून आम्हाला घाबरवलं जायचं. पेत्राला मात्र त्या बघण्यानं तारलं.

*

‘सर्वज्ञ’ हा शब्द मराठीला नवा नाही. लीळाचरित्रात म्हाइंभटांनी चक्रधरस्वामींना ठिकठिकाणी ‘सर्वज्ञ’च म्हटलं आहे. पण बोलीत त्याहून जवळचा एक शब्द आहे: मनकवडा. सर्वज्ञाला जग ठाऊक असतं, मनकवड्याला समोरचा माणूस. आजीचा ख्रिस्त मनकवडा होता.

*

आता अवघड भाग. मार्कच्या तेराव्या अध्यायात येशू स्वतःच सांगतो की शेवटचा दिवस आणि घटका पुत्रालाही ठाऊक नाही, फक्त पित्याला. लूक लिहितो की मुलगा येशू ज्ञानानं वाढत गेला. जो वाढतो, त्याला आधी कमी ठाऊक असणार.

ख्रिस्तसभा यावर शतकानुशतकं झगडली. ख्रिस्त पूर्ण देव आणि पूर्ण माणूस, दोन स्वभाव, सरमिसळ नाही आणि फाटाफूटही नाही, असं 451 साली खाल्केदोनच्या परिषदेनं ठरवलं. सहाव्या शतकात ख्रिस्ताला काही गोष्टी ठाऊक नव्हत्या असं मानणारा एक पंथ निघाला. इसवी सन 600 च्या सुमारास पोप ग्रेगरी यांनी त्याला उत्तर दिलं: ती घटका ख्रिस्ताला मानवी स्वभावात ठाऊक होती, पण मानवी स्वभावामुळे नव्हे. तेराव्या शतकात थॉमस अक्वायनसनं आणखी बारकावे मांडले, पण माणूस म्हणून ख्रिस्त अनुभवातूनही शिकत गेला, हे त्यानंही मान्य केलं.

या वादात मला कमीपणा वाटत नाही. सुताराच्या घरात तो रंधा धरायला शिकला असेल, हे मला त्याच्या देवपणाइतकंच प्रिय आहे.

*

ज्याला सगळं ठाऊक, तो विचारतोही. मार्कच्या पाचव्या अध्यायातली गर्दी. बारा वर्षं रक्तस्रावानं आजारी असलेली बाई मागून येशूच्या वस्त्राला हात लावते. तो थांबतो आणि विचारतो, मला कुणी शिवलं? शिष्य म्हणतात, एवढी माणसं अंगावर येताहेत आणि हे काय विचारता! संध्याकाळी सातला अंधेरी स्टेशनच्या पुलावर उभं राहावं, म्हणजे शिष्यांचं म्हणणं पटतं. पण तो वळून बघत राहतो. शेवटी ती बाई थरथरत पुढं येते आणि सगळं खरं सांगते. बारा वर्षांत तिला असं कुणी विचारलं असेल का? तो तिला ‘मुली’ म्हणतो.

यरीहोच्या आंधळ्यालाही तो विचारतो, मी तुझ्यासाठी काय करू? आंधळ्याला काय हवं असणार, हे रस्त्यावरचं पोरही सांगेल. तरी त्यानं स्वतःच्या तोंडानं मागावं म्हणून तो थांबतो.

*

माहीमच्या देवळातली बुधवारची नोव्हेना प्रार्थना 1948 पासून चालू आहे. बोरिवलीपासूनची माणसं लोकलनं येतात, त्यांत हिंदू, मुसलमान, पारशीही असतात. मारियामातेच्या नावानं लोक चिठ्ठ्या लिहितात: नोकरी, मूल, घर, आजार. मागण्याआधीच पित्याला तुमची गरज ठाऊक आहे, असं खुद्द येशूनं सांगितलंय. मग चिठ्ठी कशाला? मला वाटतं, ती लिहिताना माणूस पहिल्यांदा आपलं दुःख नीट पाहतो.

*

मरोळचं मूळ देऊळ कोंडिवट्याला होतं. जेझुइटांनी ते 1579 मध्ये बांधायला घेतलं. 1840 च्या सुमारास साथ आली, गाव उठलं आणि देऊळ मरोळला आलं. जुने अवशेष आता सीप्झ या औद्योगिक वसाहतीच्या कुंपणाआत आहेत. मे महिन्यात वर्षातून एकदा तिथं मिस्सा होतो. एरवी फाटकावर ओळखपत्र दाखवल्याशिवाय कुणाला आत सोडत नाहीत. आत छप्पर नसलेल्या भिंती आहेत. इथं बाप्तिस्मा घेतलेल्या कित्येकांची नावं आज आमच्यापैकी कुणाला सांगता येणार नाहीत. मी तिथं उभा राहतो तेव्हा आजीचं ‘त्याला सगला ठाव हाय’ हे वाक्य मला फार मोठं वाटतं.

*

तरी एक गोष्ट खटकत राहते. त्या शनिवारी आजीचं देवाला कळलं, हे मी मानतो. पण तिला कुणी काही विचारलं नाही. ख्रिस्तानं मात्र ठाऊक असूनही प्रत्येकाला विचारलं, आणि समोरच्याला उत्तर देता येईल अशा भाषेत विचारलं. तुमच्या पॅरिशमध्ये गावठाणातल्या म्हाताऱ्यांची मराठी जाणणारे फादर असतील, तर आठवड्यातला एक तास त्यांच्यासाठी मागून घ्या.