पितळी पेशंट

सर्वप्रथम एक खुलासा. लेडीज होस्टेलच्या गच्चीवरून नोव्हेंबर महिन्यात जो आवाज येत होता तो म्हशीचा नव्हता. तो माझ्या सॅक्सोफोनचा होता, आणि तसा येण्याला कारणं होती. ती सांगण्यासाठीच संपादकांकडून ही दोन पानं मागून घेतली आहेत. (माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. ऱ्हस्व-दीर्घाची जबाबदारी संपादक मंडळाची.)

शाळेच्या बँडमध्ये मी सहावीपासून क्लॅरिनेट वाजवायचे. स्पोर्ट्स डेला मार्च-पास्ट, डिसेंबरात कॅरल्स. तेव्हापासून सॅक्सोफोन डोक्यात होता. पण चांगल्या कंपनीचा नवा घ्यायचा तर किंमत ऐकूनच श्वास बंद होतो, मग फुंकायचं कशाने? दोन वर्षं दहावीच्या मुलांच्या ट्यूशन्स घेतल्या, त्यात इंटर्नशिपचा स्टायपेंड घातला आणि २४,००० रुपये जमले. तेवढ्यात एका दूरच्या शहरातल्या माणसाकडे सेकंडहँड अल्टो सॅक्स मिळाला. पप्पा म्हणाले, "पैसे तुझे आहेत, तू ठरव." पप्पा हे वाक्य कधी आनंदाने म्हणत नाहीत. त्याच पैशांत लॅपटॉप आला असता, आणि माझा लॅपटॉप चार्जर काढला की डोळे मिटतो, हे त्यांना माहीत होतं.

पार्सल आलं तेव्हा बाहेरचा खोका अगदी ठणठणीत. एक चरा नाही. आत सॅक्सची मूळची पेटी, तीही धड. आणि पेटीत माझा २४,००० चा पेशंट. त्याचं कर्ण्यासारखं तोंड एका बाजूला कललेलं. ते नळीला जोडणारी पट्टी आत घुसून नळीला पोचा पडलेला, आणि मुख्य नळी किंचित केळ्यासारखी वाकलेली. खालच्या हाताच्या चार चाव्या दाबल्या की तशाच बसायच्या, वर यायचं नाव नाही. रूममेट म्हणाली, "सेकंडहँड म्हणजे असंच असतं का गं?" तिला उत्तर द्यायच्या मनःस्थितीत मी नव्हते.

मग फोनाफोनी. पार्सलवाले म्हणाले, बाहेरचा खोका शाबूत आहे, म्हणजे आतलं पॅकिंग कमी पडलं. विकणारा म्हणाला, मी पेटीत घालून दिला होता, त्यांनी आपटला. दोघांचंही थोडं थोडं खरं होतं आणि त्याचा मला काडीचा उपयोग नव्हता. शेवटी विकणारा म्हणाला, परत पाठव, अर्धे पैसे देतो. म्हणजे पुन्हा तोच प्रवास! मी नाही म्हटलं. मुंबईच्या एका दुकानाने फोटो बघून १५,००० चा अंदाज सांगितला.

इथे जरा फर्स्ट इयरचं फिजिक्स. खोका १ मीटरवरून पडला तर जमिनीवर टेकताना त्याचा वेग ताशी १६ किलोमीटर असतो. खोका थांबतो, पण आतला सॅक्स थांबत नाही. बसने ब्रेक मारल्यावर उभ्या माणसाचं होतं तेच. अडीच किलोचं वाद्य १ सेंटिमीटरमध्ये थांबलं तर सरासरी १०० जी, म्हणजे त्या क्षणी अडीचशे किलोचं वजन त्या नाजूक पट्टीवर. तेच १० सेंटिमीटरच्या मऊ गादीत थांबलं तर त्याच्या दहावा हिस्सा. पेटी ही हातात धरून न्यायला असते, पार्सलला नाही. पेटीच्या आत वाद्य हलता कामा नये, चाव्यांखाली बुचाचे तुकडे घालून त्या घट्ट बसवायला हव्यात, आणि पेटीच्या बाहेर मोठा खोका व चारी बाजूंनी भरण हवं. गिटार-हार्मोनियम मागवणाऱ्यांनी एवढा परिच्छेद कापून ठेवावा.

मिरज जवळ, म्हणून आधी मिरजेला गेले. तिथल्या सतार-तंबोऱ्यांना २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, म्हटलं वाद्यांच्या गावात डॉक्टर मिळेलच. सतारीच्या दुकानातल्या चाचांनी सॅक्स हातात घेऊन बघितला आणि म्हणाले, "बेटा, आमचं काम भोपळ्याचं. पितळेचं न्हाई." पण त्यांनीच पत्ता दिला, एका जुन्या बँडवाल्या काकांचा.

काकांचा बँड आता नाही. लग्नाला डीजे असतो, आणि बँड असलाच तर गाडीवर बसलेला एक कीबोर्डवाला निम्म्या वाद्यांचं काम करतो. मुलाचं मोबाईलचं दुकान आहे. त्याच दुकानाच्या मागच्या खोलीत काकांचं सामान ठेवलेलं होतं. त्यांनी सॅक्स उजेडात धरला, नळीवरून एक डोळा मिटून पाहिलं. "मेलं न्हाई हे. पर मी हात लावणार न्हाई. तू करायचं, मी सांगतो." मला वाटलं, शिकवायची पद्धत असेल. नंतर त्यांनी मला चहा ओतून दिला तेव्हा बशी कपावर वाजत राहिली. मग मी काही विचारलं नाही.

असे सहा रविवार गेले. पहिल्या रविवारी फक्त चाव्या काढल्या. प्रत्येक दांडी आणि स्क्रू, ज्या क्रमाने निघाला त्या क्रमाने पुठ्ठ्यात टोचून ठेवायचा. दुसऱ्या रविवारी नळी सरळ केली. लाकडी दांडा आत घालून, बाहेरून जुन्या गोधडीची घडी ठेवून, हळू पण एकदाच दाबायचं. "एकदाच" यावर काकांचा फार जोर. पितळ पुन्हा पुन्हा वाकवलं की कडक होतं आणि मग तडकतं. मटेरियल सायन्सच्या पेपरात वर्क हार्डनिंगवर मी दीड पान लिहिलं होतं, पण माझ्या तळहातांना ते त्या दिवशी कळलं. पोचा काढायला आतून लोखंडी गोळी लागते. ती लांब दांड्यावर बसवून आपल्या वर्कशॉपच्या लेथवर मी करून नेली. वर्कशॉपच्या सरांनी "जॉब कशाचा?" असं विचारून, उत्तर ऐकून, स्वतःच गोळीला पॉलिश करून दिलं. सर, थँक यू.

नळी सरळ झाली तशा अडकलेल्या चाव्या आपोआप सुटल्या. मी म्हटलं, झालं! काका हसले. काम तर पुढेच होतं.

सॅक्सोफोन पितळेचा असून वुडविंडमध्ये मोजतात, कारण आवाज वेताच्या पातळ रीडमधून येतो. बेल्जियमच्या अडॉल्फ सॅक्सने हे वाद्य तयार केलं आणि १८४६ साली फ्रान्समध्ये पेटंट घेतलं. नळीवरची भोकं बोटांना झाकता येणार नाहीत एवढी मोठी, म्हणून त्यांच्यावर कातड्याच्या गाद्या, म्हणजे पॅड्स. माझ्या वाद्याला २५ च्या आसपास. सर्वांत खालचा बी-फ्लॅट वाजायला सगळीच्या सगळी भोकं हवाबंद लागतात. वरचं एक पॅड केसाएवढं तिरकं बसलं तरी खालचे सूर निघत नाहीत, निघते ती म्हैस. (पाहा : परिच्छेद पहिला.)

पॅड चिकटवायला लाख लागते. रंगाच्या दुकानात फर्निचरच्या पॉलिशसाठी चपडा मिळतो, तोच. पॅरिसच्या कारखान्यातला सॅक्स असो की माझा, गादी बसवायची जुनी रीत हीच, आणि लाखेचा किडा आपल्या झारखंडच्या झाडांवरचा. स्पिरिटच्या दिव्यावर वाटी तापवायची, लाख मऊ झाली की पॅड बोटाने किंचित सरकवायचं, गार होऊ द्यायचं, तपासायचं. तपासणीला सिगारेटचा पातळ कागद. त्याची पट्टी पॅडखाली ठेवून ओढायची. सगळीकडून सारखी अडली तर पॅड पास. मी टपरीवर नुसता कागद मागितला तेव्हा टपरीवाल्याने माझ्या पप्पांना ओळखत असल्यासारखं बघितलं. तो कागद रूम चेकिंगला रेक्टर मॅडमना सापडला. त्यांच्यासमोर सॅक्स काढून प्रात्यक्षिक दाखवावं लागलं.

काकांना त्या पट्ट्या आता दिसत नव्हत्या. म्हणून मी दिवाळीच्या माळेतले एलईडी काचेच्या नळीत भरून नेले. खोलीत अंधार केला, नळी सॅक्समध्ये सोडली आणि चाव्या दाबल्या. पॅड नीट बसलं नसेल तिथे कडेने उजेडाची रेघ. काका पुढे वाकले. "आरं तिच्या! ही तर मलाबी दिसतीय." त्या संध्याकाळी ते उठलेच नाहीत. एकेक चावी दाबायला लावत होते, "खालची. आता तिच्या वरची. ही बघ, ही चोर." मधेच मनोहारी सिंगांच्या गोष्टी. 'काश्मीर की कली'मधला सॅक्स मिरजेच्या वरातीत वाजवला की लोक घोडा थांबवायचे म्हणे. कद्री गोपालनाथांनी याच वाद्यावर कर्नाटक संगीत कसं आणलं, तेही. ते २०१९ ला गेले तेव्हा काकांनी दिवसभर बाजा पेटीतून काढून समोर ठेवला होता.

सहाव्या रविवारी बी-फ्लॅट वाजला. अजून थोडं जोरात दाबावं लागतं, आणि त्याच्या वरचा बी कधीकधी खाकरतो. पण वाजतो. काकांनी फुंकला नाही. नुसता तोंडाशी हात धरून, चाव्यांवर बोटं चालवली. ती मात्र थरथरत नव्हती. किती द्यायचे विचारलं तर म्हणाले, "ती उजेडाची नळी इथं ठेवून जा."

एकूण खर्च पॅड्स, चपडा, एसटी धरून ३,१०० रुपये. पप्पांना फोनवर सहा सूर ऐकवले. ते म्हणाले, "रेंज नाही वाटतं, पुन्हा वाजव."

आता काकांकडे एक क्लॅरिनेट निघालंय, त्याच्या सगळ्या स्प्रिंगा गंजून तुटल्यात. अशा स्प्रिंगा शिवणाच्या सुईच्या करता येतात. तेव्हा ज्यांच्या घरी आजीच्या डब्यात जाड, जुन्या सुया पडून असतील त्यांनी त्या तिसऱ्या मजल्यावर आणून द्याव्यात. गंजलेल्या नकोत.