टंचाई कशाची?

मे महिना आला की आमच्या गल्लीत पाण्याची टंचाई होते. बेळगावकरांना हे नवीन नाही. नळाला आठ-आठ दिवस पाणी येत नाही, मग मम्मी टँकरवाल्याला फोन लावते. टंचाई खरी आहे की नाही हे तिला पेपरातून नव्हे, टँकरच्या भावावरून कळतं. भाव चढला की समजायचं, पाणी खरंच कमी आहे.

हा साधा हिशेब मी आयटीला कधी लावून पाहिला नव्हता.

माझा दादा बेंगळुरूला एका आयटी कंपनीत आहे. २०२३च्या मार्चमध्ये कंपनीनं त्याचं नाव अमेरिकेच्या एच-वन-बी व्हिसाच्या सोडतीत घातलं. घरी नोव्हेना सुरू झाली. पप्पा शेजाऱ्यांना सांगायचे, "तिकडे माणसंच मिळत नाहीत हो, म्हणून आपल्या पोरांना बोलावतात." मलाही तेच खरं वाटायचं. जागा ८५,००० आणि त्या वर्षी नोंदण्या साडेसात लाखांच्या वर. दादाचा नंबर लागला नाही. पप्पा दोन दिवस नीट जेवले नाहीत.

ईस्टरला दादा राणी चन्नम्मा एक्सप्रेसनं घरी आला. रात्री गच्चीवर बसलो असताना म्हणाला, "एक सांगू? चार महिने मी रोज रात्री व्हिडिओ कॉलवर एका अमेरिकन माणसाकडून काम शिकत होतो. पंचावन्न वर्षांचा. त्याची नोकरी जाणार होती आणि ते काम आमच्या टीमकडे येणार होतं. जाताना मिळणारे पैसे हवे असतील तर आधी आम्हांला शिकवायचं, अशी त्याला अट होती."

"त्याला जमत नव्हतं का?"

"सगळं येत होतं गं त्याला. फक्त तो महाग होता."

शेवटच्या दिवशी तो माणूस दादाला म्हणाला होता, काही अडलं तर मेल कर. त्याच दिवसांत दादाचं नाव त्याच्याच देशात जाण्याच्या सोडतीत होतं.

मी साहित्याची विद्यार्थिनी. एखादा शब्द खटकला की शोधत बसायची सवय आहे. 'टंचाई' हा शब्द तेव्हा खटकला. हा व्हिसा १९९०च्या कायद्यानं आला. मला वाटायचं, इथला माणूस मिळत नाही हे कंपनीला आधी दाखवून द्यावं लागत असेल. बहुतेक कंपन्यांना ते करावंच लागत नाही. ज्यांच्याकडे या व्हिसावरचे कामगार फार आहेत, त्यांच्यावर स्थानिक माणूस शोधायची अट आहे. पण वर्षाला ६०,००० डॉलर पगार दिला की तीही सुटते. हा आकडा १९९८च्या कायद्यातला, तो वाढवलेलाच नाही. पगाराचे चार स्तर ठरवलेत, त्यातले खालचे दोन त्या भागातल्या मधल्या पगाराच्याही खाली आहेत. २०१५ साली फ्लोरिडातल्या डिस्नेच्या आयटी कर्मचाऱ्यांची बातमी गाजली होती. सुमारे २५० जणांना काढण्यात आलं आणि त्यांच्यातल्या अनेकांनी जायच्या आधी आपल्या जागी आलेल्या भारतीयांना काम शिकवलं. दादानं सांगितलेलीच गोष्ट.

मग मी आपल्याकडे पाहिलं. माझी एक शाळेतली मैत्रीण इंजिनिअर झाली. तिला साडेतीन लाखांचं पत्र मिळालं. दहा-बारा वर्षांपूर्वीही नव्या मुलांना साधारण एवढाच पगार मिळत होता. तो भाव चढलेला नाही. पत्र मिळून आठ महिने झाले तरी तिला रुजू करून घेतलं नव्हतं. आणि त्याच काळात मोठी माणसं सेमिनारमध्ये सांगत होती, कुशल मुलंच मिळत नाहीत.

हे मी पप्पांना सांगितलं तर ते चिडले. "आपल्याच पोरांच्या पोटावर पाय देतेस?"

तसं नाही. काही कामांत जाणकार माणसं खरंच कमी असतात, हे मलाही मान्य आहे. आणि तिकडे गेलेल्या मुलाचा यात दोष काय? त्याचा व्हिसा मालकाच्या हातात. नोकरी गेली तर दुसरी शोधायला फार तर ६० दिवस, नाहीतर परत. असा माणूस पगार वाढवा म्हणून भांडणार कसा? म्हणूनच तो स्वस्त पडतो. शिकवणारा आणि शिकणारा, दोघांनाही एकाच तराजूत घातलंय, आणि तराजू धरणारा तिसराच आहे.

द्राक्षमळ्याच्या दाखल्यातला मालक दिवस मावळायला आला तरी बाजारात जातो, रिकाम्या उभ्या असलेल्यांना विचारतो आणि कामाला लावतो. त्यानं आधी बाजारात जाऊन पाहिलं, हे मला आता जास्त महत्त्वाचं वाटतं.

कोणी "माणसं मिळत नाहीत" म्हटलं की आता मी विचारते, "किती पगाराला?"

पुढच्या मार्चमध्ये दादाचं नाव परत सोडतीत होतं. घरी परत नोव्हेना झाली, मीही बसले. दादाचा नंबर लागावा असं मला मनापासून वाटत होतं, ते खोटं कशाला बोलू? शेवटी मम्मीनं विचारलं, आणखी कोणासाठी मागायचंय का? मी म्हटलं, दादाला काम शिकवलेल्या त्या माणसासाठी. पप्पा काही बोलले नाहीत. पण 'आमेन' त्यांनीही म्हटलं.